क्लॅरिनेटवाल्याचं फुफ्फुस

३ मार्च २०२५, मरोळ गावठण

एक, तीन की चार? डॉक्टर रुचिरांनी आज माझ्या बरगड्यांवर बोट टेकवून भोकं दाखवली! उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात गाठ आहे, तो भागच काढायचा. रोबोटने केलं तर चार भोकं, दुर्बिणीच्या नेहमीच्या पद्धतीने तीन, नव्या पद्धतीने एकच — पण जरा मोठं. गाठ तिन्हींत सारखीच निघते म्हणे. एकाच फटीतून गेलं की नसा कमी दुखावतात. ‘आणि माझा हात त्यातच बसलाय,’ म्हणाल्या.

मी म्हटलं, ‘क्लॅरिनेटला भोकं जास्त असलेली बरी. माणसाचं तसं नाही ना?’ बाई हसल्या. क्लाराने कोपराने ढोसलं. माझ्या बायकोला ऑपरेशनची मस्करी चालत नाही.

खरं विचारायचं ते शेवटी विचारलं. मे महिन्यात पोरीचं, ॲनेटचं लग्न. आदल्या संध्याकाळी बँड लावून विहिरीवर उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या आंघोळीचं पाणी, आणायला जायचं, आणि पुढे मी वाजवणार. दम पुरेल?

‘व्यायाम केलात तर.’

मग एकच भोक! ठरलं.

७ मार्च

झालं. जिवंत!

१२ मार्च

घरी आलो. रिपोर्ट — पहिलाच टप्पा, गाठ अख्खी निघाली, पुढे औषधं नकोत! क्लारा रडली, मग पापलेट तळले. दोन हाणले.

निघताना नर्सने घाईघाईत प्लास्टिकचा डबा हातात दिला. आत तीन गोळे, बाहेर नळी. ‘तिन्ही वर गेले पाहिजेत, अंकल.’ हात्तिच्या! जन्मभर फुंकतोय मी.

१४ मार्च

एकही गोळा हलत नाही. गाल दुखले.

१९ मार्च

अजून नाही. वाट लागली. क्लाराला बोललो नाही. ॲनेटला फोन केला — दुसरा क्लॅरिनेटवाला बघ. ती म्हणाली, ‘डॅडा, तू नाय तर बँडच नको.’

फार वाईट वाटलं. क्लॅरिनेटची पेटी कपाटावर टाकली.

२१ मार्च

तपासणी. रुचिराबाईंसमोर डबा धरून जीव खाऊन फुंकलो. त्या बघतच राहिल्या. ‘बॅप्टिस्टकाका, फुंकताय काय! श्वास आत ओढायचा असतो!’

ओढला. तिन्ही गोळे टणकन वर!

ॲनेट, बँडवाल्यांना सांग!