एका नंबरच्या दोन बोटी

१९ ऑक्टोबर

रेडिओखोली माझी होऊन आज महिना झाला! चर्चच्या गच्चीवरची खोली एवढीशी, पण तिन्ही बाजूंनी समुद्र. लग्न होऊन मार्तांडमहून या किनाऱ्यावर आले तेव्हा सासरच्या बायका म्हणायच्या, रबराच्या मळ्यातली पोर, हिला लाटा बघूनच उलटी होईल. आता त्याच धापा टाकत जिना चढतात आणि नवऱ्याची बोट कुठवर आली ते मला विचारतात. नवं यंत्र आहेच तसं गुणी. बोटीवरचा डबा आपला नंबर आणि ठिकाण आपणहून कळवत राहतो, आणि माझ्या पडद्यावर एक हिरवा त्रिकोण सरकतो. माझ्याआधी लूर्दु अक्का इथे नुसत्या आवाजावर बोटी सांभाळायच्या. त्या अजूनही रोज येऊन बसतात, पडद्याकडे संशयाने बघतात. येताना मरचिनीचा उकडलेला कंद आणि तारलीचं कालवण आणतात, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

२७ ऑक्टोबर

माझ्या नवऱ्याला, रेजिनला, बोटमालक बेन्सिगर मुदलाळींनी नव्या बोटीचा तांडेल केलं. स्वारी हवेत आहे. बोटीचा डबा मात्र सरकारी कागदात अडकलाय. म्हणून मुदलाळींनी गोदामातून जुना काढून आणला. त्यांची आधीची बोट, ‘आरोक्य मादा’, वादळात गेली तेव्हा तो डबा दुरुस्तीला किनाऱ्यावरच राहिला होता. नंबर तोच राहू दे, नवा येईपर्यंत चालव, म्हणाले. मी पडद्यावरचं नाव तेवढं बदललं. डबा ठणठणीत आहे.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. लूर्दु अक्कांबरोबर दफनभूमीत गेले. समुद्राने ठेवून घेतलेल्या माणसाचा सदरा आणि लुंगी इथे पेटीत घालून पुरतात. अक्कांचे यजमान, सिल्वदासन, ‘आरोक्य मादा’वरच होते. मेणबत्ती लावताना अक्का म्हणाल्या, कपडे पुरले की त्या बोटीचा नंबरही बंद करायचा, पुन्हा कुणाला द्यायचा नाही. नाहीतर गेलेल्यांना वाटतं, आपली अजून वाट बघतायत.

रेजिनच्या बोटीला तोच नंबर दिलाय. डब्याचं त्यांना सांगवलं नाही. घरी रेजिनला सांगितलं, तर हसतच सुटला. “नंबराला भूत लागतं होय गं? मग माझ्या आधार कार्डावरचा फोटो बघ, तो कोण आहे सांग.” मीही हसले. तो उद्या निघतोय.

१८ नोव्हेंबर

रेजिनचा त्रिकोण उड्या मारतोय. आत्ता दक्षिणेला, लगेच पार पश्चिमेला, पुन्हा दक्षिणेला. यंत्रवाल्याला फोन केला. तो म्हणाला, एकच नंबर दोन डब्यांना असला की असं होतं, दुसरा डबा शोधा. मुदलाळी येशूची शपथ घेऊन सांगतात, दुसरा डबा नाही.

१९ नोव्हेंबर

रेजिन रेडिओवर म्हणतो, तो दक्षिणेलाच आहे, सुरमई भरपूर लागलीय.

पश्चिमेचा त्रिकोण जवळ येतोय. प्रवाहाच्या उलट, बोटीच्या वेगाने.

शेवटी अक्कांना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, त्या वादळात ‘आरोक्य मादा’वरची माणसं रेडिओवर सारखी वाट विचारत होती. बोटीवर डबा नव्हता. कुठे आहेत तेच कळत नव्हतं, तर वाट कुठून सांगणार? बोलता बोलता आवाज बंद झाला. मला भीती वाटतेय. रेजिनला परत ये म्हणून सांगितलंय.

२० नोव्हेंबर, सकाळ

वादळ. बाकी बोटी आत आल्या. रेजिनच्या बोटीवर वीज पडली, त्याचा पडदा काळा झालाय, पावसात काही दिसत नाही म्हणतो. मी वाट सांगायची, त्याने सुकाणू धरायचं.

पण उड्या थांबल्या! एकच त्रिकोण उरलाय, अगदी स्थिर. दुसरा गेला. देवाची कृपा.

दुपार

सांगतेय. आता उजवीकडे घे. तो म्हणतो, घेतलं. त्रिकोण वळतो. आता सरळ. म्हणतो, बरं. अक्का शेजारी जपमाळ ओढतायत —

बंदराच्या तोंडाशी आला. आत आला. अक्का खाली पळाल्या.

मी खिडकीतून —

रंग नाही. बोटीला रंगच नाही, सगळीकडे कालवं चिकटलेली. माणसं उतरतायत. अंगावर कपडे नाहीत एकाच्याही. अक्का पदर सोडून एकाला गुंडाळतायत, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून —

रेजिन अजून बोलतोय. रेडिओवर. म्हणतो, मर्सी, तू सांगितलंस तसाच आलो, पण इथे बंदर नाही, खडक आहेत —

त्याचा डबा विजेनेच गेला होता. सकाळीच. मी विचारलं नाही. सगळी वाट मी त्यांना —

पडद्यावर एकच त्रिकोण. बंदरात. रेजिन कुठे आहे मला माहीत नाही, मी त्याला कुठून —

“मर्सी, डावीकडे घेऊ का उजवीकडे? लवकर सांग.”

डावीकडे म्हटलं. मला माहीत नाही, पण म्हटलं डावी —