शेवटच्या चौकटीतलं नाव

सेक्टर ६, द्वारका,
नवी दिल्ली
४ नोव्हेंबर २००१

प्रिय आत्यास,
लुंबिनीचा सविनय जयभीम.

एवढा जाड लिफाफा पाहून घाबरू नकोस. मी बरी आहे. तूही बरी असशील असं धरून चालते, कारण आजारी पडलीस तरी तू कळवणाऱ्यांतली नाहीस. गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की बाटली पाहुण्यांसाठी ठेवल्यासारखी कपाटात जपून ठेवली आहेस?

चार वर्षांत आपण एकमेकींना कार्डांपलीकडे काही पाठवलं नाही. दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला माझं एक, बुद्धपौर्णिमेला तुझं एक. तुझ्या कार्डावर तीन ओळी असतात आणि त्यातली एक हवामानावर असते. मी तक्रार करत नाही. माझ्या कार्डांवर तर दोनच असतात.

दोन महिन्यांपूर्वी मी इथे द्वारकेला राहायला आले. सगळ्या इमारती कोऱ्या करकरीत, रस्ते रुंद आणि रिकामे, झाडं अजून माझ्या खांद्याला लागतात. विमानं इतकी खालून जातात की गच्चीवरून त्यांची पोटं दिसतात. पाण्याचा टँकर आला की गार्ड शिट्टी मारतो आणि सगळी सोसायटी एकदम अंघोळीला पळते. तू असतीस तर पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या पाळ्या लावून दिल्या असत्यास. भाजीवाल्याकडे अंबाडी मागितली तर त्याने पालकाची जुडी हातात ठेवली आणि म्हणाला, हेच असतं ते. आणली, तुझ्यासारखी ज्वारीच्या कण्या घालून शिजवली. हेच नव्हतं ते.

ऑफिस गुडगावला आहे. चार्टर्ड बसने जाते, खिडकीची जागा ठरलेली आहे. मी काय काम करते ते तू एकदा विचारलं होतंस आणि मी 'ऑफिसचं' एवढंच म्हणाले होते. आता सांगते. आम्ही लहान लहान संस्थांना मदत देतो. अर्ज कसा भरायचा, कोणते कागद जोडायचे, कामाचा अहवाल कसा पाठवायचा, याचा एक संच असतो, फ्लॉपीवर. त्याला टूलकिट म्हणतात. नाव ऐकून तुला पाना-पकड आठवेल, पण आत नुसते फॉर्म आणि चौकटी असतात. तो संच मीच तयार केला. ऑफिसात त्याचं बरंच कौतुक झालं होतं.

गेल्या आठवड्यात त्याच कामासाठी पानिपतला जाऊन आले. हातमागावर काम करणाऱ्या बायकांची एक संस्था आहे, त्यांना फॉर्म भरायला शिकवायचं होतं. तिथून तुझ्यासाठी एक ब्लँकेट घेतलं, वेगळ्या पार्सलने पाठवते. तपकिरी आहे, मळखाऊ. कुणाला देऊन टाकू नकोस. तू देशीलच, तरी लिहून ठेवते.

वसतिगृहातल्या मुली कशा आहेत? बत्तीसच्या बत्तीस आहेत ना? वरच्या मजल्यावर पूर्वीसारख्याच दहावीच्या मुली झोपतात का? सहज विचारलं. मला मधूनच तिथली सकाळ आठवते. हापशाचा आवाज, वंदना म्हणताना मागच्या रांगेतल्या मुलींच्या जांभया, आणि तू मागे न पाहता नेमकं नाव घेऊन दटावायचीस. ऑफिसच्या वाटेवर बस कापसहेड्याला अडकून पडते तेव्हा हे सगळं डोळ्यांपुढे येतं आणि मग ऑफिस लवकर येऊ नये असं वाटतं.

काळजी घे.

तुझी,
लुंबिनी

ता. क. एक लहानसं काम होतं. मागच्या वर्षी जानेवारीत वसतिगृहासाठी तू कुठेतरी एक अर्ज भरला होतास, फ्लॉपीवर, असं कानावर आलं. ती फ्लॉपी, किंवा तिची नक्कल, अजून तुझ्याकडे आहे का? असेल तर पाठव. पुठ्ठ्यात गुंडाळून पाठव, वाकायला नको. का ते नंतर सांगते.

*

द्वारका
२ डिसेंबर २००१

आत्या,

मागच्या वर्षी मार्चमध्ये तुझा अर्ज मी नाकारला. तुला आलेल्या पत्राखाली सही दुसऱ्याची होती, पण फाइलवर 'अपूर्ण' हा शेरा माझ्या हातचा आहे.

या वेळी हे पहिल्याच ओळीत लिहिलं. खुशाली आधी, हवापाणी मध्ये आणि खरी गोष्ट अगदी शेवटी, ही आपल्या दोघींची जुनी खोड आहे. मागच्या पत्रात मीही तेच केलं. चार पानं अंबाडी आणि विमानं, आणि ज्यासाठी पत्र लिहिलं ते ता. क. मध्ये. त्याच खोडीने तुझा अर्ज बुडाला, म्हणून यापुढे मी तसं लिहिणार नाही.

तुझी फ्लॉपी पोचली, वाकली नाही. ऑफिसातली प्रत कारण सांगितल्याशिवाय काढता येत नव्हती, म्हणून तुझ्याकडे मागितली. सोबतचं कार्डही मिळालं. 'फ्लॉपी पाठवते. मुली यंदा अकराच आहेत. टूलकिट आलं तेव्हा पाकिटावरचं अक्षर ओळखलं होतं.' तिसरी ओळ वाचून मी बसच्या थांब्यावर कार्ड हातात घेऊन उभी राहिले आणि बस निघून गेली.

म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं. ते पाकीट मीच पाठवलं होतं. संस्थांच्या यादीत वसतिगृहाचं नाव मी गुपचूप घातलं, पत्ता स्वतः लिहिला, आत एक चिठ्ठीही ठेवली नाही. मला वाटलं, आत्याला कुठून कळणार. ज्या बाईने मला अक्षरं गिरवायला शिकवली तिला माझं अक्षर कळणार नाही, असं समजणारी मी.

आता अर्जाचं सांगते. फेब्रुवारीत तो माझ्या टेबलावर आला. नाव पाहिलं, आपल्या वसतिगृहाचं. नियम असा की अर्जदार नात्यातला असेल तर तसं सांगून बाजूला व्हायचं. हा नियम टूलकिटमध्ये मीच लिहिला आहे. मी सांगितलं नाही. फाइल उघडली, तर एका चौकटीत 'सप्रेम जयभीम. आपण सर्व कुशल असाल', दुसरीत 'इकडे थंडी चांगली पडली आहे', तिसरीत 'मुलींच्या सहामाही परीक्षा नीट पार पडल्या, गणितात', आणि संपलं. प्रत्येक चौकटीत दोन-तीन ओळी आणि मग अर्ध्यात तुटलेलं वाक्य. वसतिगृहाला काय हवं आहे, का हवं आहे, कुठेच काही नाही.

बैठकीत एकाने विचारलं, "ये एप्लिकेशन है या चिट्ठी?" सगळे हसले. आत्या, मीही हसले. हे लिहायचं टाळण्यासाठीच मागच्या पत्रात मी विमानांवर एवढं लिहिलं.

फॉर्मवर समोरच्या किराणा दुकानातल्या फोनचा नंबर होता. एक फोन केला असता तर दुकानदाराने तुला हाक मारली असती आणि पाच मिनिटांत सगळं उलगडलं असतं. मी केला नाही. स्वतःला सांगितलं की आपण निःपक्षपाती राहतो आहोत. खोटं होतं ते. मला तुझ्या आवाजाची भीती वाटली. मी निघाले त्या दिवशी तू बॅगेला हात लावला नाहीस, दारात उभी राहून एवढंच म्हणालीस, "जाचं असन तं जाय. पण पाहुणी म्हनून येऊ नको. येशीन तं राहाले ये." तो आवाज फोनवर पुन्हा ऐकला असता तर मी काय बोलले असते? म्हणून तुझ्या मुलींच्या अर्जावर 'अपूर्ण' लिहून मोकळी झाले. बुद्धपौर्णिमेच्या तुझ्या कार्डात वरचा मजला बंद केल्याची ओळ होती. ती वाचूनही मी तुला 'बत्तीसच्या बत्तीस आहेत ना' असं विचारलं.

मग पानिपत. तिथल्या एका बाईंना मी शहाणपणाने सांगत होते की चौकटी पूर्ण भरत चला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, हमने तो पूरा लिखा था. आपके यहाँ जाकर आधा हो गया." त्यांच्याकडे जुना कॉम्प्युटर होता, जुना प्रोग्रॅम. त्यावर फाइल उघडून दाखवली. पूर्ण होती. तीच फ्लॉपी मी गुडगावला आणून उघडली, तर अर्धी. तेव्हा मला तुझी थंडी आणि तुझं तुटलेलं गणित आठवलं.

दोष आमचा निघाला. फॉर्म आम्ही नव्या प्रोग्रॅममध्ये केला. जुन्या प्रोग्रॅमवर भरलेली फाइल नव्यात उघडली की प्रत्येक चौकटीतला सुरुवातीचा थोडा मजकूर राहतो, बाकीचा जातो. चूक झाली असंही यंत्र सांगत नाही. ज्यांनी पहिल्या ओळीत मागणं मांडलं ते तरले. तुझा कॉम्प्युटर बँकेने काढून टाकलेला, आणि तू प्रत्येक चौकटीला आधी जयभीम घालणारी. एका बोटाने टाईप केलं असशील ना? किती दिवस लागले?

तुझी फ्लॉपी आली त्या दिवशी विक्रांतला, म्हणजे आमच्या कॉम्प्युटरवाल्या मुलाला, घेऊन तळघरात गेले. मोडीत काढलेल्यांपैकी एक मशीन त्याने झटकून चालू केलं आणि माझा चेहरा पाहून चहाच्या निमित्ताने निघून गेला. मी उभ्यानेच वाचलं. सगळं होतं. कोणती मुलगी कोणत्या गावची, तिला परत पाठवलं तर तिचं लग्न कोणत्या महिन्यात लागेल, छत कुठे गळतं, स्वयंपाकाच्या विठाबाईंना किती महिने पगार नाही. इतका नेटका अर्ज माझ्या टेबलावर दुसरा आलेला नाही. आणि शेवटची चौकट. पुढील पाच वर्षे संस्थेची जबाबदारी कोण घेईल? तू आधी जयभीम घातलास, मग स्वतःची प्रकृती ठणठणीत असल्याचं खोटं लिहिलंस, आणि मग:

'माझ्यानंतर ही जबाबदारी माझी भाची लुंबिनी घेईल. सध्या ती दिल्लीला शिकायला गेली आहे. तिची खोली आम्ही झाडून ठेवतो. तिथे दुसऱ्या कुणाला ठेवलेलं नाही.'

मी चार वर्षं सगळ्यांना सांगते आहे की मी वसतिगृह सोडलं. तू त्याला शिकायला जाणं म्हटलंस, तेही सरळ अर्जात. मी तळघरातच जुन्या खोक्यांवर बसले आणि खूप रडले. तुझी आठवण रोज येते, आत्या. तुझ्याकडे यायची सोय उरली नाही असं वाटायचं, म्हणून तेवढं कार्ड पाठवायचे.

दुसऱ्या दिवशी कल्पना मॅडमना सगळं सांगितलं. त्या पुण्याच्या, आमच्या विभागाच्या प्रमुख. नातं लपवलं, फोन केला नाही, हसले, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "लुंबिनी, यार, एक फोन तर करायचास." मग त्या कामाला लागल्या. तेव्हाचे सगळे नाकारलेले अर्ज जुन्या मशीनवर उघडून पाहिले. तुझ्याखेरीज आणखी सतरा तसेच तुटलेले निघाले. सगळे पुन्हा विचारात घेणार आहेत. बैठक वीस तारखेला आहे आणि तिथे मी नसेन. टूलकिटमध्ये एक पान मी जाता जाता घातलं: फोन केल्याशिवाय कुणाचाही अर्ज अपूर्ण म्हणायचा नाही.

'जाता जाता' लिहिलं ते खरं आहे. तुझ्या शेवटच्या चौकटीत माझं नाव राहायचं असेल तर बैठकीआधी मला इथून बाहेर पडलं पाहिजे, असा नियम आहे. शुक्रवारी राजीनामा दिला. तुला विचारलं नाही. तिथून निघतानाही कुठे विचारलं होतं.

या पाकिटात तुझा पूर्ण अर्ज छापून ठेवला आहे. प्रत्येक पानावर सही कर आणि सतरा तारखेच्या आत पोचेल असा स्पीड पोस्टने कल्पना मॅडमच्या नावाने पाठव. शेवटच्या चौकटीतलं माझं नाव नको असेल तर त्यावर एक आडवी रेघ मार आणि शेजारी सही कर. तुझा तो हक्क आहे. मी ज्या दिवशी हसले त्या दिवसासाठी तू रेघ मारलीस तर मला बोलायला तोंड नाही. पण मनातलं विचारशील तर, मारू नकोस. आणि मारलीस, किंवा मदत नाहीच मिळाली, तरी मी येते आहे. अठराला इथून निघते. पाहुणी म्हणून नाही. विठाबाईंच्या हाताखाली भांडी घासायला तरी ठेवशील.

खोलीची किल्ली माझ्याकडेच आहे. तू कशी झाडून घेतेस कोण जाणे, दुसरी करून घेतली असशील.

बाकी राहिली ती खुशाली. इकडे थंडी चांगली पडली आहे. माझी प्रकृती ठीक आहे. तिकडची समक्षच विचारीन.

सविनय जयभीम.

तुझी,
शिकायला गेलेली
लुंबिनी