नळी जागेवर यायला लागणारा वेळ

१४ जानेवारी, मंगळवार

झालं एकदाचं! तोफेच्या नळीचं मोजमाप आज संपलं. डोळ्यांची आग आग होतेय.

चिनी टीव्हीवर त्यांच्या विनाशिकांचे व्हिडिओ येतात – वीरश्रीचं संगीत, समुद्रावरचा सूर्योदय, आणि मधेच तोफ. त्यातली तोफ तेवढी माझी. पोटापाण्यासाठी मी एकेक फ्रेम थांबवून ती मोजते. नागपूरला आईला अजून वाटतं की मी इथे अमेरिकेत पाण्याचे पंप डिझाइन करते. फूटपट्टी कुठून आणणार? तर नळीचं तोंड. ते एकशेतीस मिलिमीटरचं आहे हे जगजाहीर आहे. पडद्यावर ते जेवढं दिसतं त्यावरून बाकीचं काढायचं. गोळा पुढे सुटला की नळीला मागे धक्का बसतो. आत तेल असतं, ते बारीक भोकांतून दाबलं जातं आणि धक्का जिरवतं. मग दाबलेला वायू नळीला पुन्हा पुढे ढकलतो. ती जागेवर आल्याशिवाय पुढचा गोळा सोडता येत नाही.

आणि ही बया जागेवर यायला फार वेळ घेते. अगदीच सुस्त! कार्ल – माझा बॉस, चेहऱ्यावरची रेषही हलू न देणारा – चक्क खुर्ची ओढून शेजारी बसला. "हिमानी, धिस इज ह्यूज." रिपोर्ट शुक्रवारी जाणार.

संध्याकाळी अंतरा आली, कपड्यांची भलीमोठी पिशवी घेऊन. लेकीचं कॉलेज वूस्टरला, वॉशिंग मशीन इथे घरी, श्रूजबरीला. तिळगूळ चघळत म्हणाली, "सो, तुझी गन काय म्हणतेय?" रिपोर्ट जाईपर्यंत घरी बोलायचं नसतं. मी बोलले. "दमते गं ती. चार गोळे टाकले की धापा टाकते." शंतनू हसला, तीही हसली. नवरा आणि मुलगी दोघं एकदम माझ्या कामावर खूश, असं क्वचितच होतं. मला फार छान वाटलं.

१५ जानेवारी, बुधवार

पुढच्या मंगळवारी अंतराचं जहाज ठरणार. मे महिन्यात पदवी मिळाली की ती अमेरिकन नेव्हीत ऑफिसर. कुठल्या जहाजावर जायचं ते ही मुलं स्वतः निवडतात – ज्याचा नंबर वर, तो आधी. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग अ‍ॅडमिशनच्या राउंडसारखंच. तिचा नंबर चांगला आहे. व्हर्जिनियाला सैनिक वाहून नेणारं एक मोठं जहाज आहे, नाहीतर मग जपानच्या तळावरची, चीनच्या समोरच्याच समुद्रात फिरणारी विनाशिका. तिचं अजून ठरत नाहीये.

व्हर्जिनियाला गाडीनं जाता येतं.  मनातल्या मनात मी डबे भरून गाडी हायवेला लावलीसुद्धा.

१८ जानेवारी, शनिवार

हळदीकुंकू पार पडलं. दारात बुटांचा डोंगर, सगळीकडे बर्फाचं पाणी.

शुभाकाकू आमच्या मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ, त्यामुळे त्यांना काहीही विचारायची मुभा. "नेव्ही? अगं, एवढी हुशार मुलगी! मेडिकलला नाही का लागला नंबर?" मी म्हटलं, "काकू, तिनं लावलाच नाही." त्यांनी पदर सारखा केला. मग हळूच, "लढाईबिढाई नाही ना होणार?" मी अगदी छातीठोकपणे सांगितलं, "त्यांच्या तोफा फार हळू आहेत हो." सगळ्या हसल्या. मी वाणाचे डबे वाटले.

रिपोर्ट काल गेला. कार्लनं सगळ्यांसमोर नाव घेतलं.

१९ जानेवारी, रविवार

बर्फ उपसला. कंबर कामातून गेली.

२१ जानेवारी, मंगळवार

जपान.

विनाशिका. जपान!

फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. "आई, आय पिक्ड इट. डोन्ट फ्रीक आउट." माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. ती वाट बघत राहिली आणि मग हसत म्हणाली, "तूच म्हणालीस ना, त्यांची गन टायर्ड असते! सो आय फिगर्ड, मी सेफ."

मी हो म्हटलं. काँग्रॅच्युलेशन्सही म्हटलं बहुतेक. गाडीचं दार उघडंच होतं, सीटवर बर्फ भुरभुरत होता, आणि मला ते लावायचं सुचत नव्हतं. शंतनूला फोन केला. "अरे यार," एवढंच म्हणाला. 

२२ जानेवारी, बुधवार

 नीट लिहून काढते.

आज पुन्हा तोच व्हिडिओ लावला. काम काहीच नव्हतं. ती सुस्त नळी बघितली की बरं वाटतं म्हणून – खोटं कशाला बोलू. दहादा बघितली. मग सहज नजर खाली गेली. प्रत्येक गोळ्यानंतर एक रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि डेकवर पडतं. ते पडताना बघितलं. पुन्हा बघितलं. 

ते फार सावकाश पडत होतं!

वरून सुटलेली वस्तू किती वेळात खाली येते हे चीन ठरवत नाही आणि अमेरिकाही ठरवत नाही. नववीतलं गणित. मांडलं. जेवढा लागायला हवा त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ. पृथ्वीवर असं काही पडत नाही. म्हणजे सुस्त ती नळी नव्हतीच, व्हिडिओच संथ केलेला होता. कुणा एडिटरनं, रुबाब यावा म्हणून. लग्नाच्या व्हिडिओत नवरी जिना उतरते तेव्हा करतात, तसा. लांबी मोजायला मी एवढी अक्कल लढवून फूटपट्टी शोधली, आणि घड्याळ मात्र त्यांनी दिलं तेच खरं मानलं!

म्हणजे नळी दुप्पट वेगानं जागेवर येते. ही तोफ दमत नाही. मुळीच दमत नाही.

बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशात बघवेना. माझी पोर त्या समुद्रात निघालीय आणि जाताना माझा आकडा बरोबर घेऊन चाललीय.

२३ जानेवारी, गुरुवार

कार्लला सांगितलं. ओरडेल, काढून टाकेल, काय काय मनात आणलं होतं. त्यानं ते काडतूस पडताना बघितलं, परत मागे नेऊन बघितलं. "वी ऑल लुक्ड अ‍ॅट धिस," म्हणाला. "ऑल ऑफ अस." चष्मा काढून डोळे चोळत बसला. दुरुस्ती आजच पाठवायची ठरली.

दिवसभर सगळं पुन्हा मांडलं. एवढ्या वेगानं एवढं लोखंड मागेपुढे होतं तर खालचा डेक हादरायला हवा. आमचं वॉशिंग मशीन शेवटच्या फेरीत भिंतीकडे चालायला लागतं, तसं काहीतरी दिसेल म्हणून तोफेच्या बुडाशी निरखून बघितलं. जेमतेम हलतं. धक्का एकदम अंगावर न घेता मागे येण्याच्या सगळ्या वाटेवर सारखा वाटून जिरवलाय. तेलाच्या भोकांवर कुणीतरी फार मन लावून काम केलंय. मी नकळत म्हटलं, वा!

आणि दचकले. कुणाला वा म्हणतेय मी?

२४ जानेवारी, शुक्रवार

शंतनू म्हणतो, "नको सांगूस तिला. निवड आता बदलता येणार आहे का? उगाच भीती घेऊन जाईल." मी म्हटलं, "माझ्या चुकीच्या आकड्यावर तिनं जहाज निवडलंय." मग म्हणाला, "बरं, मग सांग." मला त्याच्या दोन्ही उत्तरांचा राग आला. भाजी करपली. तशीच खाल्ली.

२५ जानेवारी, शनिवार

उद्या अंतरा येतेय. वाक्य मनात घोळवतेय. मराठीत सांगू की इंग्रजीत? इंग्रजीत सांगितलं तर मी रिपोर्ट वाचतेय असं वाटेल. मराठीत सांगितलं तर रडेन.

२६ जानेवारी, रविवार

सांगितलं. मराठीत. काडतूस, व्हिडिओ, सगळं. ती सोफ्यावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती, हात थांबवले नाहीत. "आई, तुझ्या गनमुळे नाही घेतलं मी शिप. मला तेच हवं होतं. तू फोनवर एकदम गप्प झालीस, म्हणून तसं म्हटलं." मग मला जवळ ओढून, लहान मुलीला समजवावं तशी म्हणाली, "आणि गनपर्यंत गोष्ट जाणारच नाही गं. एवढ्या जवळ कुणी येतच नाही आता. त्याच्या खूप आधी मिसाइल येतं. इट्स ओव्हर इन अ मिनिट."

मिसाइल मोजणारे आमच्याच ऑफिसात, पलीकडच्या खोलीत बसतात. रोज त्यांच्याबरोबर जेवते. त्यांचे आकडे काय आले हे मी कधी विचारलेलं नाही.

ते मिसाइलचंही तिनं मला बरं वाटावं म्हणूनच सांगितलं.