आणि पार्टी

असोदा,
५ नोव्हेंबर १९९७

प्रिय कुसुम,

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले आणि तुझं जाड पाकीट आलं. आईला वाटलं, धुळ्याहून दिवाळीचं भेटकार्ड आलं. आत तुझं पत्र, कॅसेटच्या कव्हरचा नमुना आणि तुझ्या सासऱ्यांनी, दलिचंद शेठजींनी, टाइप करून घेतलेला एक कागद निघाला. कव्हरवर केळीच्या खांबांचा मांडव, हळद लावलेली नवरी आणि वर ठळक अक्षरांत 'हळदीची गाणी : भाईदास आणि पार्टी'. कागदात लिहिलंय की गाणाऱ्या बायकांची नावं कुठेही छापली जाणार नाहीत आणि याला सगळ्यांच्या वतीने माझी, म्हणजे कु. मंदाकिनी तोताराम चौधरी, बी. ए., हिची संमती आहे. खाली तू पेन्सिलीने फुली मारून 'इथे सही' असं लिहिलंस. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होईल, त्याआधी कॅसेट दुकानात यायला हवी, तेव्हा उलट टपाली पाठव, असं तू म्हणतेस.

सही मी केलेली नाही. तेवढंच सांगायचं असतं तर पोस्टकार्ड पुरलं असतं. पण पत्राच्या शेवटी तू गमतीत विचारलंस की केबलवर त्या विलायती पाच मुली धुमाकूळ घालताहेत, तुझ्या असोद्याच्या गाणाऱ्याही पाच, खरं सांग मंदे, कोण भारी? आणि कॉलेजातल्या आपण चौघी कितव्या नंबरावर? तू हसत लिहिलं असशील. मी मात्र शाळेला दिवाळीची सुट्टी असूनही दोन दिवस, अंगण झाडता झाडता त्याचंच उत्तर जुळवते आहे.

आधी विलायती मुलींचं. मी त्या पाहिल्या आहेत. शेजारच्या मगनभाऊंकडे केबल आलंय, त्यांची अंजू मला हाताला धरून घेऊन गेली. एक उड्या मारते, एक नुसती डोळे वटारून बघते, पाची जणींचे कपडे पाच तऱ्हेचे. गाणं निम्मं कळलं नाही, आणि गळ्यातलं किती नि यंत्रातलं किती हेही कळलं नाही. मगनभाऊंची आई म्हणाली, "या पोरीहीले कोनी बसाले पाट नही दिला का व?" आम्ही पोट धरून हसलो. पण कुसुम, माझ्या आठवीच्या वर्गातल्या मुलींना त्या पाचींची नावं पाठ आहेत. कोणती कशी चिडते, कोणाला काय आवडतं, सगळं. त्यांच्यामागे धंदा करणारे शेठजी तिकडेही असतीलच, ते पडद्यावर दिसत नाहीत एवढंच. उद्या त्या भांडून वेगळ्या झाल्या तरी नावं पाचच्या पाच राहतील. याच मुलींच्या आयांना ज्यांनी हळद लावताना गायलं, त्या बायका कोण असं मी वर्गात विचारलं, तर एक म्हणाली, "त्या लग्नातल्या म्हाताऱ्या का, मॅडम?"

मधल्या काळातला ऑर्केस्ट्रा तुला आठवतो का? आपण सातवी-आठवीत असू. जळगावला गणपतीत तीन बहिणी गायला आल्या होत्या, चमचम करणाऱ्या साड्यांत. तू तुमच्या गच्चीवरून ऐकलंस, मी काकांच्या खांद्याआडून. काय तयारीच्या गळ्याच्या होत्या! मधलीने वरचा सूर लावला तेव्हा शिट्ट्या मारणारी पोरंसुद्धा गप्प झाली. पोस्टरवर वाजवणाऱ्या बाप्यांची नावं ओळीने होती आणि खाली 'सोबत तीन सुंदर गायिका'. त्या तिघींना मी आजही शोधू म्हटलं तर कोणत्या नावाने शोधू?

आपल्या चौघींबद्दल मी कडकच बोलणार आहे. आपण वाईट नव्हतो. तुझा आवाज तर असा होता की सराव चालू असताना लायब्ररीतले शिपाईही दाराशी येऊन उभे राहायचे. पण युवक महोत्सवात आपल्याला सांगितलं होतं, एका ओळीत उभं राहा, हलू नका, हसू नका. आपण हललो नाही. तुझ्या वडिलांनी, माणकचंदकाकांनी, एकाच अटीवर परवानगी दिली होती, की कुसुमलता मागे उभी राहील. ज्या मुलीचा आवाज सगळ्यांत पुढे, ती मागे. आणि आपण तिघी ते निमूट मान्य करून पुढे उभ्या राहिलो. दुसरा नंबर मिळाला, निवेदकाने 'मुलींचा गट' म्हटलं आणि आपण टाळ्या वाजवत घरी आलो. पुढच्या उन्हाळ्यात तुझं लग्न झालं. तेव्हा आपला नंबर शेवटचा. गाण्यात नाही, गप्प बसण्यात.

आता झुंबरआजी, इंदिराबाई, लताबाई, कौतिकबाई आणि माझी आई पुष्पाबाई. या पाचींची रीत तुला माहीत आहे. दोघी ओळ उचलतात, तिघी झेलतात, म्हणजे श्वास कोणाचाही तुटला तरी गाणं तुटत नाही. मांडवात शिरल्या की इंदिराबाई आधी वऱ्हाडाची चौकशी करते. नवऱ्याच्या मामाचं नाव काय, मावशी कोणत्या गावची, चुलता रुसका आहे का. मग ती सगळी नावं गाण्यात पडतात. रुसक्या चुलत्याची अशी काही उडवतात की तो स्वतःच हसत जेवायला बसतो. नाव घेतलं नाही म्हणून लोक भांडलेले मी पाहिलेत. जामनेरच्या एका व्याह्याने तर निघायची गाडी थांबवून धरली होती, आमच्या थोरल्या भाऊचं नाव राहिलं, ते गा, मगच नवरी न्या म्हणून. आणि या पाचींचं नाव मात्र त्यांच्या एकाही गाण्यात नाही.

तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. सत्त्याऐंशी साली, माझी बारावी झाली त्या उन्हाळ्यात, हाच ढोलकीवाला भाईदास टेपरेकॉर्डर घेऊन आमच्या घरी आला होता. ओसरीवर बसून त्याने या पाचींची गाणी भरून घेतली. स्वतः ढोलकी वाजवली आणि सुरुवातीला दोन वाक्यं बोलला. कव्हरचा मजकूर लिहायला कोणी हवं होतं. घरात शिकलेली मी एकटी, अक्षर चांगलं. मी ऐटीत पाच नावं लिहिली. भाईदास म्हणाला, "बठ्ठासना नावे लिखीसन काय करनं शे, ताई? 'आणि पार्टी' लिख, बठ्ठ्या त्यामा उनात." सगळ्यांची नावं कशाला, सगळ्या 'पार्टी'त आल्याच, असं त्याचं म्हणणं. मी नावं खोडली. त्याने खोडली नाहीत, मी खोडली, आणि 'भाईदास आणि पार्टी' असं वळणदार अक्षरात लिहिलं. कॅसेट आली तेव्हा झुंबरआजीने कव्हर डोळ्यांजवळ धरून विचारलं, "माझं नाव कुठी हाये व माय?" मी 'पार्टी' या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हटलं, हे बघ आजी, हे. तिने त्या शब्दावरून तीन-चार वेळा अंगठा फिरवला आणि कॅसेट लुगड्यांच्या घडीत ठेवून दिली.

त्यानंतर मी पदवीधर झाले. घराण्यात पहिली म्हणून आबांनी गावात पेढे वाटले. आणि तुझा कागद आला तेव्हा पहिल्यांदा मला लख्ख दिसलं की पदवी नसतानाही मी तेच केलं होतं जे आता पदवी आहे म्हणून माझ्याकडून करून घेतलं जातंय.

काल दुपारी पाची जणी आमच्या ओसरीवर कापूस निवडत बसल्या होत्या. मी कागद वाचून दाखवला, आणि मग दहा वर्षांपूर्वीचंही सांगितलं. झुंबरआजी म्हणाली, "मले ठाव हाये ते." कॅसेट आल्यावर दोन वर्षांनी ती भाचीकडे पारोळ्याला गेली असताना स्टँडवरच्या दुकानात तीच कॅसेट वाजत होती. आजी दुकानदाराला म्हणाली, ही मी गाते, नाव वाच. त्याने वाचलं आणि गिऱ्हाइकांसमोर हसला. म्हणजे आठ वर्षं तिला माहीत होतं! मी विचारलं, मग मला बोलली का नाहीस? तर म्हणे, "तू तवा कॉलेजात जात व्हती. शिकनाऱ्या पोरीले कशाले खाली पाहाले लावू?"

मला रडू आलं, पण त्यांनी रडू दिलं नाही. इंदिराबाईचा पारा चढला होता. "आमी साऱ्या जिल्ह्याची नावं घेतली आन आमचीच कोनाले सापडली नही?" मी म्हटलं, नाही म्हटलं तर शेठजी टेप पुसून टाकतील. ती म्हणाली, "पुसू दे. मगनच्या अंजूचं लगन लागीन तवा आमी काय कॅसेट लावून बसू का?" लताबाई हळूच म्हणाली, "पन छापली तर माझ्या लेकीले सासरी दाखवता यीन." मग कापूस तसाच राहिला आणि प्रत्येकीने आपलं नाव मला सांगितलं, नवऱ्याचं लावायचं की बापाचं यावर भांडून. कौतिकबाईने दोन्ही लावली.

आता कुसुम, हे पत्र मी दलिचंद शेठजींना न लिहिता तुला का लिहिलं ते सांगते. दसऱ्यानंतर आम्ही तुमच्या कॅसेटच्या दुकानामागच्या खोलीत रेकॉर्डिंगला आलो, तेव्हा भाईदासने टेपात किणकिण येते म्हणून बांगड्या काढायला सांगितल्या आणि झुंबरआजीने त्याला झापलं. बांगड्यांवर चिंध्या गुंडाळून बायका गायला बसल्या. लताबाई आपले मोकळे हात दाखवून म्हणाली, "माझं काम देवानं सोपं करून ठेवलंय." एका बाजूची गाणी झाली आणि कौतिकबाईचा घसा बसला. झेलायला दोघीच उरल्या, ओळ तुटायला लागली. तू चहाचे कप घेऊन आली होतीस. आजी म्हणाली, "शेठची सून, बस इथी." तू ट्रे खाली ठेवलास, पदर पुढे ओढलास आणि बसलीस, पण या वेळी मागे नाही, आजीच्या मांडीला मांडी लावून. दुसरी अख्खी बाजू तू गायलीस. मग कप उचलून वर गेलीस आणि पत्रात त्याबद्दल अक्षरही लिहिलं नाहीस. शेठजींचा कागद मी सहीशिवाय परत पाठवते आहे. त्याच्या पाठीवर मी लिहिलंय की ही नावं भाईदासच्या नावाएवढ्याच अक्षरांत छापणार असाल तरच कॅसेट काढा, नाहीतर टेप पुसा. खाली सहा नावं आहेत. सहावं तुझं आहे, 'कुसुमलता' असं पूर्ण. ते नाव कागदावर तसंच ठेवलंस तर तुला घरात काय ऐकावं लागेल याची मला कल्पना आहे, आणि ते ऐकणारी मी नाही, तू आहेस. म्हणून कागद शेठजींच्या नावाने न पाठवता तुझ्या हातात देते आहे. त्यांना देण्याआधी सहावं नाव खोडलंस तर मी तुला कधीही बोल लावणार नाही, आणि पाचींसाठी तेवढ्याच जोराने भांडेन. पण खोडायचं असेल तर तुझ्या हाताने खोड. मी खोडणार नाही.

तुझीच, आणि यापुढे पूर्ण नावानिशी,
मंदाकिनी तोताराम चौधरी