सुलभाला भैरवगढ दाखवणे

१ जानेवारी १९९७, बुधवार. सकाळी ६.१०
नवी डायरी. ऑफिसने आम्हा बारा जणांना इंदूरला एका हॉटेलात दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं, तिथे फुकट मिळाली. ट्रेनर टायवाला, वयाने माझ्या निम्मा. म्हणाला, तुम्ही लोक जगत नाही, दिवस ढकलता. प्रत्येक दिवस ठरवून जगा. बाकीचे समोशांकडे बघत होते. मला मात्र ते लागलं. सत्तेचाळीस वर्षं ढकलतोच आहे.

यंदाचे संकल्प:
१. पहाटे कोठी रोडवर फिरणे.
२. जेवताना टीव्ही बंद. घरच्यांचं बोलणं ऐकणे.
३. रोज एक तरी गोष्ट नीट लक्ष देऊन बघणे.
४. सुलभाला भैरवगढ दाखवणे.

चौथ्याबद्दल जरा लिहायला हवं. सुलभा लग्न होऊन जबलपूरहून इथे आली, त्या पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, भैरवगढला चादरी छापतात ना, त्या छापताना बघायच्या आहेत. मी म्हटलं, येत्या रविवारी. त्याला एकोणीस वर्षं झाली. आमच्या फ्रीगंजपासून भैरवगढ सात किलोमीटर.

माझा दोष फार नाही. उज्जैनला घर असणं म्हणजे धर्मशाळा चालवणं. महाकाल आहे तोवर नातेवाईक आहेत. प्रत्येक पाहुण्याला मी कालभैरवाला नेतो, देव खरोखर दारू पितो हे बघून ते थक्क होतात, मग शेजारी भैरवगढला चादरी घेऊन देतो. त्या वेळी घरी पुऱ्या कुणीतरी तळायला लागतातच.

तरी लिहिताना अपराधी वाटलं. खोल वाटलं. ट्रेनर म्हणाला होता, जाणीव ही पहिली पायरी. म्हणजे पहिल्याच दिवशी एक पायरी झाली.

६.४०. फिरायला निघालो होतो. धुकं आहे. उद्यापासून.

५ जानेवारी, रविवार
आठ वाजता जाहीर केलं, आज भैरवगढ. अश्लेषा (आमची मुलगी, बारावीला आहे) म्हणाली, बाबा, नक्की? मी तिला ठरवून जगण्याबद्दल थोडक्यात सांगितलं. सुलभा ठेवणीतली हिरवी साडी नेसली. किल्ली हातात घेतली आणि बेल वाजली. नागपूरचे, सुलभाच्या मावशीचे जावई, सहकुटुंब. पत्र टाकलं होतं म्हणाले.

सुलभा साडी बदलून आली आणि कणीक भिजवायला बसली. मी तिकडे जायला तयारच होतो, तेव्हा पाहुण्यांना ऑटोत घालून भैरवगढला नेऊन आणलं. म्हणजे संकल्पाचा अर्धा भाग पार पडला.

तिला म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की. ती बरं म्हणाली. फार समजूतदार आहे. त्यामुळेच जास्त अपराधी वाटतं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
संकल्प क्र. २ कडक चालू. जेवण आधी संपवलं आणि मगच टीव्ही लावला. केबलवाल्याने सात नवीन चॅनेल दिलेत. नंतर थोडा भात पुन्हा घेतला, पण ते जेवण नव्हे.

तिळगूळ देताना सुलभा काहीतरी सांगत होती, शेजारच्या नंदावहिनींबरोबर जाण्याविषयी. मी हो हो, जरूर म्हटलं. ट्रेनरच्या भाषेत याला पॉझिटिव्ह रिस्पॉन्स म्हणतात.

फिरणं संक्रांतीनंतर.

९ मार्च, रविवार
शिवरात्रीचे अकरा पाहुणे होते. शेवटचे आज मालवा एक्सप्रेसने गेले. सुलभा चार दिवस गॅससमोर उभी होती. आज तिचे पाय सुजलेले दिसले. (संकल्प क्र. ३.) तिला आज कुठे नेणं म्हणजे छळच. मनातल्या मनात तिची माफी मागितली. अगदी मोकळेपणाने मागता आली.

१८ मे, रविवार
त्रेचाळीस डिग्री. अशा उन्हात बायकोला स्कूटरवर बसवून भैरवगढला नेणारा माणूस क्रूर म्हणावा लागेल. सुलभाला म्हटलं, पावसाळ्यात जाऊ, हवा छान असते. ती म्हणाली, पावसाळ्यात छपाई बंद असते, कापड वाळत नाही.

हिला हे कसं ठाऊक? वाचलं असणार कुठेतरी. एवढं वाचून माहीत असेल तर प्रत्यक्ष बघण्याची तशी घाई नाही, हा विचार मनात आला आणि जरा हलकं वाटलं. संध्याकाळी अपराधी वाटलं, पण मॅच होती.

१९ जून, गुरुवार
दुपारी अचानक घरी आलो. सुलभा नाही. जेवण झाकून ठेवलेलं. अश्लेषा म्हणाली, आई गुरुवारी नंदाकाकूबरोबर जाते, संक्रांतीपासून जाते, तुम्हाला माहीत नाही का? मी म्हटलं, माहीत आहे. गुरुवार म्हणजे दत्ताचं मंदिर, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. अश्लेषाने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. या वयात मुलींना श्रद्धा कळत नाही.

मला बरं वाटलं. मी कुठे नेत नाही तर देव नेतो.

२८ जुलै, सोमवार
श्रावणातली महाकालाची सवारी, म्हणजे पालखी. गॅलरीत पाहुणे, जिन्यात पाहुण्यांच्या चपला. सुलभा हल्ली गुरुवारी घरीच असते हे माझ्या लक्षात आलं आहे. पाऊस आला की भक्तीही भिजते का, म्हणून मी तिची जरा चेष्टा केली. नंदावहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्या विनोदांना त्या नेहमीच दाद देतात.

फिरणं: कोठी रोडवर चिखल.

२५ सप्टेंबर, गुरुवार
संकल्प क्र. ३ साठी आज अर्धा तास दिला. निरीक्षणे:
सुलभाच्या नखांभोवती निळा रंग. शाई असावी. म्हणजे तीही काही लिहू लागली आहे. बहुतेक रोजनिशी. माझं बघून घेतलं असेल. बोललो नाही, बिचारी संकोचेल.

पलंगावर नवी चादर. गडद निळी, पांढऱ्या कोयऱ्या. नीट मोजून बघितल्या तर तिसऱ्या ओळीत एक कोयरी चक्क उलटी. कुठली म्हणून विचारलं. सुलभा म्हणाली, भैरवगढची. मी म्हटलं, फसवलं तुला, कामात लक्ष नाही या लोकांचं. नंदावहिनींनी आणली असणार, त्यांना माल पारखता येत नाही. सुलभा त्या कोयरीवरून हात फिरवत म्हणाली, असू दे, मला आवडते.

तिला उलटं-सुलटं कळत नाही असं नाही. पण साधी आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार
दिवाळीची पाहुणेमंडळी. अकोल्याचा माझा मावसभाऊ बापू आणि कल्पनावहिनी. सुलभा सकाळीच सगळं करून, ताटं झाकून नंदावहिनींबरोबर गेली. पाहुणे असताना गेली, हे मला थोडं खटकलं. पण दत्तमहाराजांच्या मधे मी येत नाही.

दोघांना कालभैरव करून भैरवगढला रशीदभाईंच्या दुकानात नेलं. पंधरा वर्षं पाहुणे नेतोय तिथे. पुढे दुकान, मागे अंगणात छपाई, मधे ओल्या कापडांचे पडदे. कल्पनावहिनी म्हणाल्या, वहिनींना पण आणायचं होतं. मी म्हटलं, तिला अशा गोष्टींची आवड नाही. घर बरं की ती बरी. जरा मोठ्यानेच म्हटलं, कारण मागे ठशांची ठोकाठोक चालली होती. माझं बोलणं संपलं तेव्हा ठोकाठोक थांबली होती.

दुकानात कल्पनावहिनींना काही पसंत पडेना. घरी आल्यावर मात्र पलंगावरची निळी चादर डोळ्यांत भरली. मी लगेच घडी करून, वर नारळ ठेवून दिली. सुलभा संध्याकाळी आली. बापूने चादर दाखवली. ती दारातच थोडी थांबली, मग म्हणाली, छान दिसेल तुमच्याकडे, आणि चहा टाकायला गेली.

देण्यात आनंद असतो. एक उलट्या कोयरीची चादरही गेली घरातून. का कोण जाणे, झोपताना अपराधी वाटलं. कारण सापडलं नाही. वर्षभर सवय झाली आहे, त्यामुळे असेल.

३१ डिसेंबर, बुधवार. दुपारी ४
डायरी चाळली. संकल्प क्र. १, २, ३ बद्दल मतभेद होऊ शकतात. चौथा मात्र राहिला. सुलभा नंदावहिनींकडे पापड लाटते आहे, तिला आत्ता उठवणं बरं नाही. तेव्हा मी एकटाच जाऊन तिच्यासाठी उत्तमातली उत्तम चादर आणतो. सगळ्या कोयऱ्या सुलट. तिला भैरवगढला नेता आलं नाही तर भैरवगढच घरी. या विचाराने एकदम मोकळं वाटतंय.

संध्याकाळी ७
आधी ठरवलं होतं की लिहायचं नाही. पण लिहितो.

रशीदभाईंनी मला बसवलं आणि विचारलं, आप सुलभाबाई के मिस्टर हैं ना? मी हो म्हटलं. मग म्हणाले, बाई तर उद्या येतील, उद्या गुरुवार. मी म्हटलं, कुठे येतील? त्यांनी मला मागे अंगणात नेलं. तिथे एका लांब टेबलाजवळ खिळ्याला एक एप्रन टांगला होता. निळा झालेला. त्याच्या खिशाला अश्लेषाच्या जुन्या फ्रॉकचं कापड लावलेलं आहे. मी ओळखलं. फ्रॉक ओळखला.

सुलभा वर्षभर, पावसाळा सोडून, दर गुरुवारी टेम्पोने तिथे जाते. पहिले चार महिने नुसती बघायची, कापड धुवायला मदत करायची. मग त्यांनी हातात ठसा दिला. पहिली चादर सप्टेंबरात झाली. एक कोयरी उलटी पडली, तर रशीदभाई म्हणाले, वरून फूल छापून झाकून टाकू. ती म्हणाली, नको, ही घरीच अंथरायची आहे.

मग त्यांनी दिवाळीनंतरचं सांगितलं. मी पुढे दुकानात बोलत होतो तेव्हा ती त्या पडद्यामागे होती. कोपरापर्यंत रंगात.

"मैंने कहा, बाई, आपके घर से आए हैं, बुला दूँ? बोलीं, रहने दो चाचा, मेहमान साथ हैं, उनको देर हो जाएगी."

चहा दिला त्यांनी. प्यायलो. चादर न घेता आलो.

घरी सुलभा भाजी चिरत होती. मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस? ती वर न बघता म्हणाली, "सांगितलं होतं की. संक्रांतीला. तुमचा टीव्ही चालू होता. तुम्ही हो हो, जरूर म्हणालात."

मागचं पान काढून बघितलं. माझ्याच अक्षरात आहे.

मग चादरीचं विचारलं. देताना मला थांबवायचं होतं ना, म्हटलं. ती म्हणाली, कल्पनाला मनापासून आवडली होती. घरात कुणाला तरी आवडली म्हणून मी काही बोलले नाही.

८ वाजता
टावर चौकात जाऊन एसटीडीवरून अकोल्याला फोन लावला. कल्पनावहिनींना म्हटलं, ती निळी चादर परत पाठवाल का, त्याऐवजी दुसरी देतो, दोन देतो. त्या म्हणाल्या, कुठली, ती उलट्या कोयरीची? ती कूलरवर घातलीय, धूळ बसते ना. जरा डाग पडलेत, चालेल का? मी चालेल म्हटलं. पार्सलने पाठवायला सांगितलं.

सुलभाने विचारलं, कुठे गेला होतात. मी म्हटलं, फिरायला. आज अपराधी वाटलं असं लिहिणार होतो. वर्षभर लिहून लिहून तो शब्द आता काही उपयोगाचा राहिला नाही.

१ जानेवारी १९९८, गुरुवार. (जुन्याच डायरीत, मागच्या कोऱ्या पानावर.)
संकल्प केले नाहीत. सहाला उठलो, स्कूटर पुसली, मागची सीट दोनदा. सुलभाला म्हटलं, आज मी सोडतो भैरवगढला. ती म्हणाली, नंदा टेम्पोत जागा धरून ठेवते, तिला वाईट वाटेल. आणि आज साडेबाराला तुमच्या बहिणीच्या, जयूताईंच्या सासरचे येताहेत, पत्र तुम्हीच वाचलंत. आमटी-भाजी झालीय, भात तेवढा लावा. दोन वाट्या तांदूळ, चार वाट्या पाणी. तीन शिट्ट्या.

तिने वळून पाहिलं नाही, पण जिन्यावरून म्हणाली, गॅस बारीक करायला विसरू नका.

भात लावला. शिट्ट्या मोजल्या. पाहुणे आले, चौघं. सुलभावहिनी कुठे म्हणाले. मी म्हटलं, भैरवगढला. दर गुरुवारी जाते. तिला त्याची फार आवड आहे.

हे मोठ्याने म्हटलं. मग त्यांनी विचारलं, म्हणजे तिथे काय करतात वहिनी, कुठले रंग वापरतात, काय छापतात? मला एक उलटी कोयरी सोडून काही सांगता आलं नाही. त्यांना भात वाढला. तो खाली लागला होता.