वाघिणीच्या गळ्यातली तार

१२ फेब्रुवारी
वाघीण सापडली! जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यातल्या फोटोत. गळ्यात तारेचा फास. मान सुजलेली. मागे दोन पिल्लं.
कवडूभाऊंनी फोटो बराच वेळ हातात धरला. बावीस वर्षं रोजंदारीवर वनमजूर आहेत. मी वनरक्षक म्हणून नवीन आले तेव्हा ठसे ओळखायला मला त्यांनीच शिकवलं. एवढंच म्हणाले, "मासात घुसून राहिली तार, मॅडम."

१३ फेब्रुवारी
नागपूरहून डॉक्टर वेदिका आल्या. बेशुद्ध करून तार कापायची परवानगी घेऊनच. म्हणाल्या, फार तर आठवडा. मग तिला शिकार जमणार नाही — म्हणजे पिल्लंही गेली.
दिवसभर नाल्यावरच्या जुन्या जंगलात फिरलो. तिथे कधी कुऱ्हाड लागलेली नाही. साजाचं, म्हणजे ऐनाचं, एकेक खोड दोघींच्या कवेत मावत नाही. दहा हातांवर वाघ असला तरी दिसायचा नाही.
दिसला नाहीच.

१४ फेब्रुवारी
काही नाही. फक्त पिल्लांचे ठसे.
आईचा कळमेश्वरहून फोन. "मयुरा, काहून फोन उचलत नाही वं?" काय सांगू?

१५ फेब्रुवारी
गावात विचारलं, तार कोणी लावली? सगळे म्हणाले, माहीत नाही. सरपंच कुसुमताईंनी चहा दिला आणि सुनावलं — "आमचा हरभरा डुक्कर खाते, तवा तुम्ही कुठी राहता?"
चहा संपवून निघाले.

१६ फेब्रुवारी

कवडूभाऊ सकाळी आले नाहीत. मी शोधत त्यांच्या शेतावर गेले. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून फासाच्या खुंट्या उपटत होते. शेजारी तारेची चार वेटोळी. फोटोतलीच तार!
"डुकरासाठी लावली होती, मॅडम. पाचवी सापडली नाही, तवाच समजलो."
मी ओरडले. काय काय बोलले, आठवत नाही. ते खुंट्या उपटत राहिले. मग म्हणाले, "आजच सांगा साहेबाले. पण मले धरून नेलं तर तिले शोधन कोण?"
खरं होतं ते. मी रेंजरसाहेबांना सांगितलं नाही.

१७ फेब्रुवारी
कवडूभाऊंशी बोलत नाही. त्यांच्याच मागे चालते.

१८ फेब्रुवारी
"ताप असन तिले. पाण्यात बसन," कवडूभाऊ म्हणाले. आणि खरंच — नाल्याच्या डोहात, गळ्यापर्यंत पाण्यात! डॉक्टरांनी थांबायला लावलं. पाण्यात बेशुद्ध झाली तर बुडेल. पाऊण तास पापणी हलवली नाही कोणी. ती काठावर आली आणि इंजेक्शन लागलं.
तिच्या डोळ्यांवर कवडूभाऊंनी आपला दुपट्टा टाकला, डोकं मांडीवर धरलं. तार निघाली तेव्हा कसला वास सुटला! मधेच श्वास थांबला. डॉक्टर छाती दाबत राहिल्या. कवडूभाऊ तिच्या कानाशी पुटपुटत होते — "ऊठ माय, ऊठ वं."
श्वास परतला, शुद्धीवर आणायचं इंजेक्शन देऊन आम्ही मागे सरलो, आणि ती उठली! दोनदा पडली, मग झाडीत गेली.

१९ फेब्रुवारी
दोन्ही पिल्लं तिच्याबरोबर आहेत.
अहवाल लिहायला बसले. तीन कागद फाडले. कवडूभाऊंच्या नावापाशी पेन अडतो.

२० फेब्रुवारी
कवडूभाऊ माझ्याआधीच ऑफिसात जाऊन आले. जबाब दिला — "तार मीच लावली, मॅडमले कालपर्यंत काहीच माहीत नव्हतं."
दुपारी साहेबांनी मला बोलावलं. "तुम्हाला कधी कळलं?"
मी म्हणाले, "सोळा तारखेला."