कुरडयांऐवजी अमेरिकेस आलेला अस्थिसंच परत घेण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
शरीररचनाशास्त्र विभाग,
आनंदनिधी वैद्यकीय महाविद्यालय, नागपूर

अर्जदार : उत्तरा हेमचंद्र बोरगावकर, नेपरव्हिल, इलिनॉय, अमेरिका

विषय : आपल्या विभागाचा अर्धा मानवी सांगाडा आमच्या घरी असल्याचे मान्य करून तो परत घेण्याबाबत.

संदर्भ : आपली तीन पत्रे, शेवटचे दि. ४ ऑगस्ट १९८६.

महोदय,

१. मंगळवार, दि. २१ जानेवारी १९८६ हा आमच्या घरातला शेवटचा नेहमीचा दिवस होता, म्हणून सुरुवात तिथून करते. बाहेर फूटभर बर्फ होता. माझे वडील डॉ. हेमचंद्र बोरगावकर (आपल्या विभागात १९५८ ते १९६४ प्रात्यक्षिक शिक्षक) जेवणाच्या टेबलावर विषयात नमूद केलेला सांगाडा मांडून एकेक हाड जुन्या टूथब्रशने घासत होते. आईने टोस्ट ठेवायला जागा मागितली. त्यांनी बरगड्या सरकवून दिल्या. मी शिकागोच्या गाडीसाठी कोट चढवत असताना त्यांनी माझ्या तळहातावर गुडघ्याची वाटी ठेवली आणि विचारले, "बाजू?" म्हणजे, उजव्या पायाची की डाव्या. मी म्हणाले, "बाबा, गाडी चुकेल," आणि निघाले. दुपारी दारातला बर्फ उपसताना ते हृदयविकाराने गेले.

२. सांगाडा येथे कसा आला हे आपण विचारले आहे. १९६४ साली देश सोडताना घरात सारख्याच आकाराचे दोन पत्र्याचे डबे होते. एकात विभागाचा अस्थिसंच, दुसऱ्यात आजीने वाळवलेल्या गव्हाच्या कुरडया. आईने एक डबा शिपायाबरोबर विभागात पाठवला आणि दुसरा सामानात भरला. इथे आल्यावर पहिल्याच थंडीत घरी पाच पाहुणे जेवायला होते. आईने तेल तापत ठेवले, डबा उघडला आणि हातात मणका घेऊन बाहेरच्या खोलीत आली. "अहो, ह्या तळायच्या की शिकवायच्या?"

विभागाने त्या वेळी दिलेली पोच आमच्याकडे आहे : "अस्थिसंच मिळाला. तपासून घेतला. सुस्थितीत." कुरडयांबद्दल आमची काहीही तक्रार नाही. त्या सुस्थितीत होत्या याचे आईला समाधानच आहे.

३. या पोचेच्या आधारे आपण पहिल्या पत्रात कळवले की संच विभागात जमा असल्याने तो परत घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही. दुसऱ्या पत्रात कळवले की आमच्याकडील हाडे दुसऱ्या कोणाची असल्यास खुलासा करावा. तिसऱ्या पत्रात दोन अटी घातल्या. पहिली अशी की संच नेणाऱ्याने स्वतः सही करावी, आणि ते मयत असल्यास तसे त्यांनी लेखी कळवावे.

हे पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, "मग कळवायला सांग ना त्यांना. बावीस वर्षं सगळ्यांना सगळं कळवतच होते." जानेवारीनंतर आम्ही दोघी पहिल्यांदाच हसलो, आणि इतक्या की शेजारचे अनिल काका काय झाले म्हणून चपला न घालता धावत आले. पहिली अट वडिलांना पूर्ण करता आलेली नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

४. दुसरी अट अशी की प्रत्येक हाड, त्याची बाजू आणि त्यावरील खुणा साक्षीदारांसमोर तोंडी सांगाव्यात. मी डॉक्टर नाही. मी ग्रंथालयात पुस्तकांचे सूचीकरण करते. तरीही मागच्या रविवारी आईच्या व अनिल काकांच्या समक्ष हे काम पार पडले. अर्ध्या संचात हाडे दोन्ही बाजूंची मिसळलेली आहेत. मांडीचे हाड डावे : गोल डोके आत वळलेले, मागे उभा खरखरीत कंगोरा. खवाटा, म्हणजे खांद्यामागचे पसरट हाड, डावा : आडवा उंचवटा मागच्या बाजूला, सांध्याची उथळ खळगी बाहेर. अनिल काका इंजिनिअर आहेत. प्रत्येक हाडाला ते "थांब यार, हे उलटं धरलंयस" म्हणत आणि प्रत्येक वेळी चुकत. गळ्याच्या हाडाला तर त्यांनी दाराची कडी म्हटले. आईने पहिली बरगडी स्वतःच्या मानेखाली धरून दाखवली आणि तशीच चहा टाकायला गेली. सविस्तर तक्ता सोबत आहे.

मला हे सगळे कसे येते, असा प्रश्न आपल्याला पडेल. आईलाही पडला.

५. मी बारा वर्षांची असल्यापासून वडील जेवताना माझ्या हातात हाड देऊन बाजू विचारत. सोळाव्या वर्षापर्यंत मला सर्व बाजू येऊ लागल्या होत्या. पण ते ज्या आशेने माझ्याकडे बघत, त्यावरून मला कळले की एकदा बरोबर उत्तर दिले की मला डॉक्टर व्हावे लागेल. म्हणून मी "माहीत नाही" म्हणू लागले. पुढे मी दुसरे शिक्षण घेतले, नोकरीला लागले. तरी ते विचारत राहिले आणि मी तेच उत्तर देत राहिले. ते न चिडता पुन्हा समजावून सांगत. अठरा वर्षे.

६. हा संच परत जावा ही त्यांची इच्छा होती. हिवाळ्यात ते डबा तळघरातून वर आणून हीटरजवळ ठेवत आणि म्हणत, "ह्या माणसाला बर्फाची सवय नाही. माझ्यामुळे अडकलाय बिचारा इथे. त्याला घरी पोचवायला हवं." आपण पोच दुरुस्त केली नाही तर त्याला जायला जागा नाही. तरी विनंती की १९६४ च्या पोचेत 'अस्थिसंच' या जागी 'कुरडया' असे वाचावे आणि संच स्वीकारावा. तो टपालाने न पाठवता मी स्वतः डिसेंबरात घेऊन येईन.

७. तक्त्यातली एक जागा रविवारी शेवटपर्यंत रिकामी राहिली होती. गुडघ्याची वाटी डब्यात नव्हती. ती माझ्या कोटाच्या खिशात, २१ जानेवारीच्या तिकिटाबरोबर होती, आणि तो कोट मी त्यानंतर घातला नव्हता. ती मी टेबलावर ठेवली, वडिलांनी शिकवले होते तशी : गुळगुळीत बाजू खाली, टोक आपल्यापासून दूर. मग हात काढून घ्यायचा. वाटी ज्या पायाची असेल त्या बाजूला आपोआप कलते. ती कलण्याची वाट पाहायची मला गरज नव्हती. त्या दिवशी तळहातावर पडल्याबरोबरच मला कळले होते. अनिल काकांनी पेन उघडले. आई वडिलांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसली होती. आपल्या अटीप्रमाणे मी साक्षीदारांसमोर, मोठ्याने सांगितले :

"उजवी, बाबा. मला सगळ्या येत होत्या."

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
उत्तरा हेमचंद्र बोरगावकर
नेपरव्हिल, दि. १२ सप्टेंबर १९८६

सोबत :
हाडांचा तक्ता, साक्षीदारांच्या सह्यांसह (चहाच्या डागाबद्दल क्षमस्व).
१९६४ ची पोच.
वडिलांच्या मृत्यूचा दाखला, त्यांच्या सहीविना.